मठातल्या मनःशांतीचा हेवा कशासाठी?

पहाटपक्षी : ‘मध्ययुगीन मठवासीयांना ना हप्ते, ना वाहतूककोंडी, दोन वेळचे जेवण आणि मनःशांती’ हे ‘तिसरी पाळी’ यांचे कालचे विधान वाचून राहवले नाही. युरोपातल्या ख्रिस्ती मठांसाठी संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात लिहिलेल्या नियमावलीप्रमाणे हिवाळ्यात रात्री दोनच्या सुमारास उठून स्तोत्रे म्हणावी लागत. झोपायचे तेही अंगावरच्या कपड्यांनिशी, कमरेचा पट्टा न सोडता. झोपेत लागू नये म्हणून चाकू तेवढा काढून ठेवायचा. स्वतःची म्हणून लेखणीसुद्धा बाळगायची नाही. मनःशांतीवाल्यांनी एक पौष महिना असा काढून दाखवावा.

तिसरी पाळी : त्याच नियमावलीत उन्हाळ्यात दुपारी वामकुक्षी आहे, रोज पौंडभर पाव आहे आणि वाइनही आहे. हे सोयीस्करपणे गाळलेत. मी सतरा वर्षे कारखान्यात पाळ्या केल्या आहेत. रात्री दोनला उठण्याचे अप्रूप मला सांगू नये. मठातली घंटा निदान दर आठवड्याला वेळ बदलत नव्हती.

पहाटपक्षी : वाइन साधूंना मुळीच शोभत नाही, पण हल्लीच्या साधूंना ते पटवता येत नाही, असे बेनेडिक्टनेच लिहिले आहे. ही मुभा नव्हे, माघार आहे. दाखले द्यायचे तर प्रकरण पूर्ण वाचावे.

आमटीभात : थोडे अवांतर. जेवताना एकाने मोठ्याने वाचायचे, इतरांनी मौन पाळायचे आणि काही हवे असल्यास खुणेने मागायचे, हा त्यांचा नियम मला फार जवळचा वाटतो. आमच्या वसतिगृहात ‘वदनी कवळ’ संपले की अवाक्षर काढायची बंदी होती. आमटीत मीठ नसले तरी खूण करायची कोणाला? चार वर्षे ती तशीच गिळली. आजही जेवताना माझ्या तोंडून शब्द फुटत नाही आणि घरचे मला रागीट समजतात.

तिसरी पाळी : मौन ही शिक्षाच असते असे नाही. आमच्या उपाहारगृहात यंत्रांच्या आवाजाने कान किटलेली माणसे आपणहून गप्प बसत.

आमटीभात : आपणहून आणि छडीच्या धाकाने, यांतला फरक आपल्याला कळत नसेल तर बोलणेच खुंटले.

पहाटपक्षी : मौन असो वा वामकुक्षी, शेतात कोण राबत होते? १०९८ साली फ्रान्समधील सितो येथे मठ स्थापन झाला. त्यातून वाढलेल्या सिस्टर्शियन पंथाने शेतीसाठी आणि मेंढरांसाठी बहुधा निरक्षर असे ‘श्रमबंधू’ ठेवले. व्रत त्यांनीही घेतलेले, पण राहण्याची जागा वेगळी आणि मठाधिपतीच्या निवडीत मत नाही. आपण हेवा नेमका कोणाचा करता?

तिसरी पाळी : ठीक आहे, माझ्या मूळ विधानात ‘मनःशांती’ऐवजी ‘वामकुक्षी’ वाचावे. तीही फक्त उन्हाळ्यात.