अनुभव धागा: उन्हाच्या देशांत जाताना बॅगेत काय भरलंत?

मालव्याची माहेरवाशीण (धागाकर्ती)

इंदूरहून दुबईचं थेट विमान २०१९ मध्ये सुरू झालं आणि आमच्या लोकमान्य नगरातल्या बायका एकदम आखाती झाल्या. भिशीत सोन्याच्या भावाआधी व्हिसा निघतो. आणि जाणारी प्रत्येक जण एकच विचारते: घालू काय? मुलगी म्हणते जीन्स-टॉप, सासूबाई म्हणतात साडीसारखं दुसरं काही नाही, टूरवाला म्हणतो, "मॅडम, डीसेंट काहीतरी घ्या." एवढ्यावर कोणाची बॅग भरते?

माझ्यापुरती अडचण अशी की उन्हाला पातळ कापड हवं असतं आणि मशिदीच्या नाहीतर देवळाच्या दाराशी ते पातळ कापडच अडतं. अबू धाबीची शेख झायेद मशीद बघायला आम्ही गेलो. बायकांनी केस झाकायचे, बाह्या मनगटापर्यंत, खाली घोट्यापर्यंत, कपडे सैल, आणि आरपार दिसणारं काही नको. आमच्यातल्या एक काकू महेश्वरी नेसून आलेल्या. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, वाऱ्यासारखी हलकी साडी. पण पोट-पाठ उघडी आणि पदर पारदर्शक. त्यांना वरून अबाया, म्हणजे अंगभर लांब झगा, चढवावा लागला. काकू म्हणाल्या, "महेश्वरची साडी झाकून ठेवायची म्हणजे अहिल्याबाईंना काय वाटेल!" मी बाग प्रिंटचा (बाग गावची ठशांची छपाई) पूर्ण बाह्यांचा कुर्ता, खाली सुती पलाझो आणि डोक्यावर चुन्नी अशी सरळ आत गेले. छापील कापडात आरपार दिसत नाही आणि घामाचे डागही लपतात. बागच्या छपाईवाल्यांनी हे माझ्यासाठी केलेलं नाही, पण उपकार मानते.

ऐकीव नको. स्वतः घातलेलं, घामेजलेलं, हॉटेलच्या बेसिनमध्ये धुतलेलं लिहा.

पोहे-जलेबी

बँकॉकचा ग्रँड पॅलेस. माझी मुलगी फाटक्या जीन्समध्ये (विकतच फाटकी घेतलेली, वर पैसे जास्त), मी लांब कुर्ता-लेगिंगमध्ये, हे बर्मुडात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, फाटकं आणि तोकडं चालत नाही. मला जाऊ दिलं, बाकी दोघं बाहेर. हत्ती छापलेल्या ढगळ विजारी तिथे जागोजागी मिळतात, बापलेकीने जुळ्या भावंडांसारख्या घेतल्या. एक नीट लक्षात ठेवा: बिनबाह्यांच्या टॉपवर नुसती ओढणी टाकून काम भागेल असं धरून जाऊ नका. बाही शिवलेली हवी. कंबोडियात अंगकोर वाटच्या सर्वात वरच्या भागात चढतानाही तेच, खांद्यावरचा स्कार्फ पुरत नाही.

त्या हत्तीच्या विजारी आता घरी हे रोज घालून राहिले. पुढच्या ट्रिपलाही त्याच नेणार म्हणतात.

चिडकी चिमणी

मला एक विचारायचंय. हा धागा बायकांचाच का? नियम काय फक्त आपल्यालाच आहेत? आणि झाकून गेलं की कोणी बघत नाही, हा भ्रम तरी कशाला पसरवायचा? कैरोच्या खान अल-खलीली बाजारात मी गळ्यापासून टाचेपर्यंत झाकलेली होते. तरी दर दुसऱ्या दुकानातून हाक: "इंडिया! अमिताभ बच्चन!" त्यात त्रास नव्हता, उलट गंमत होती, पण अंगभर कपड्यांनी कोणी अदृश्य होत नाही. मेट्रोत मात्र बायकांचे वेगळे डबे असतात, गाडीच्या मध्यावर. तिथे पंखा आणि सुटका दोन्ही मिळाले.

मालव्याची माहेरवाशीण

चिमणे, बर्मुडावाले काका वरच बाहेर अडकलेत बघ. नियम त्यांनाही आहे. पण बॅग भरताना त्यांचीही बायकोच भरते, म्हणून धागा बायकांचा. तुझं म्हणणं खरंय. कपड्याने दार उघडतं, नजरा बंद होत नाहीत.

निवृत्त बाई, भौतिकशास्त्र

कॉलेजात शिकवत होते, त्यामुळे जरा खडू हातात घेते.

कोरडं ऊन आणि दमट ऊन यांत कपड्याचा हिशेब वेगळा असतो. आपल्या मे महिन्यात इंदुरी मुलगी ॲक्टिव्हावर कशी निघते? तोंडाभोवती दुपट्टा, हातात कोपरापर्यंत मोजे, वर सनकोट, फक्त डोळे बाहेर. कोणी तिला सांगितलेलं नसतं की वाळवंटात असंच राहतात. लू वाहत असते, हवा कोरडी असते, झाकलेल्या कातडीपर्यंत ऊन पोचत नाही आणि घाम आतल्या आत उडून गारवा देतो. इजिप्तला, ओमानच्या आतल्या भागात, राजस्थानात हेच लागू.

बँकॉक, सिंगापूर, किनाऱ्यावरची दुबई इथे हवेतच पाणी. घाम उडत नाही, नुसता ओघळतो. तिथे अंगाला चिकटणारं काहीही असह्य होतं, कापड कितीही सुती असो. सैलपणा हाच तिथला उपाय: बगलेत जागा, गळ्याला चीर, पायात घेर.

रंगाचं विचाराल, तर १९८० साली 'नेचर'मध्ये एक छोटा अभ्यास आला होता, बेदुइन, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, एवढ्या उन्हात काळे झगे का घालतात यावर. काळा झगा ऊन जास्त शोषतो, पण सैल असल्याने आत हवा खेळते आणि ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधीच निघून जाते. काळ्या-पांढऱ्या दोन्ही झग्यांत माणसाला मिळणारी उष्णता जवळजवळ सारखी निघाली. म्हणून काळ्या अबायाला घाबरू नका, घट्ट काळ्या टॉपला घाबरा. पातळ पांढरा सुती टी-शर्ट सूर्याच्या अतिनील किरणांना फारसा अडवत नाही, भिजला की आणखीच कमी. घट्ट विणीचं सैल कापड त्याहून बरं.

शेजारीण सैफीनगरची

आमच्या शेजारी बोहरी कुटुंब. भाभी कैरोला जाऊन आलेल्या, कारण तिथली अल-हाकिम मशीद त्यांच्याच समाजाने दुरुस्त करवली, १९८० मध्ये ती पुन्हा खुली झाली. मी कैरोला निघाले तेव्हा त्यांनी मला त्यांच्या रिद्याचं, म्हणजे बोहरी बायकांच्या पोशाखाचं, कापड हातात धरून दाखवलं. घेरदार खालचा भाग, वरून डोक्यासकट खांदे झाकणारा झगा, फिक्का गुलाबी, कडेला लेस. म्हणाल्या, "दीदी, इसमें हवा घूमती है, और बाल बनाने का झंझट नहीं." मी रिदा घातला नाही, पण तोच घेर आणि तीच लांबी धरून टेलर मास्टरकडून दोन झगे-कुर्ते शिवून घेतले. अल-हाकिमच्या पांढऱ्याशुभ्र चौकात उभी राहिले तेव्हा समोरून इंदूरसारखी हिंदी ऐकू आली. भाभींचे कोणी लांबचे नातेवाईक असतील, विचारायचं राहूनच गेलं.

रात्री वाळवंटात गारठा पडतो, शाल न्या. दुबईच्या मॉलमध्ये तर भर दुपारीही न्या, एसी असा की दात वाजतात.

सासूबाईंची सून

श्रीलंकेला सासूबाईंना घेऊन गेले. कँडीच्या दंतमंदिरात (तिथे बुद्धाचा दात ठेवलाय) स्थानिक लोक पांढऱ्या कपड्यांत येतात, म्हणून कोणीतरी सांगितलं पांढरंच घाला. सासूबाई भडकल्या: "सौभाग्यवतीने पांढरी साडी? मी नाही यायची." पर्यटकांना पांढऱ्याची सक्ती नसते, खांदे-गुडघे झाकलेले आणि चपला-टोप्या बाहेर एवढं पुरतं. शेवटी पांढऱ्यावर लाल काठ अशी तडजोड झाली. दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी चालताना मात्र सगळ्या सौभाग्यवती नाचत होत्या. सकाळी लवकर जा. आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, सेल्फी तर नाहीच.

बालीत देवळात सारोंग आणि कमरेला पट्टा बांधतात, लुंगीच समजा. तिथे पाळीच्या दिवसांत बायकांना आत येऊ नका अशी पाटी असते. आपल्याकडच्यांना ते नवीन नाही, पण तारखा बघून ठेवलेल्या बऱ्या.

दारेसलामची आई

मुलगी नोकरीनिमित्त टांझानियात, म्हणून मी तिकडे. सफारीला जाताना तिने माझा निळा सलवार-सूट बॅगेतून काढूनच टाकला. तिथे त्से-त्से नावाची चावरी माशी असते, तिला निळा आणि काळा रंग ओढतो. खाकी, मातकट, फिकट हिरवं घाला. लष्करी ठिपक्यांचे कपडे नेऊ नका, आफ्रिकेतल्या काही देशांत, झिम्बाब्वेत तर नक्कीच, सामान्य माणसाला ते मना आहेत.

झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये बहुतेक वस्ती मुसलमान. किनाऱ्यावर पोहण्याचे कपडे चालतात, गल्लीत यायचं तर खांदे-गुडघे झाकायचे. तिथल्या बायका कांगा गुंडाळतात: जोडीने विकलं जाणारं सुती कापड, खालच्या काठाजवळ स्वाहिलीत, म्हणजे तिथल्या भाषेत, एक ओळ छापलेली. एक कमरेला, एक खांद्यावर. मी पंजाबी सूटवर वरचा कांगा घेतला की बाजारातल्या बायका ओळ वाचून हसायच्या. लेक अर्थ सांगायची नाही.

नाव न सांगता लिहिते

कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. उन्हात फिरताना मांड्या घासून सालटी निघतात. टाल्कम पावडरचे घामाने गोळे होतात, त्याऐवजी व्हॅसलिन लावा आणि घेराच्या कपड्याखाली सुती सायकल-शॉर्ट घाला. साडीखाली तो घट्ट शेपवेअर मे महिन्यात घालू नये, मी बघितलेल्या एका बाईला चक्कर आली होती. आतले कपडे सुती आणि जास्तीचे. दमट देशात रात्रभर वाळत घातले तरी सकाळी ओलेच असतात.

सिलाई मशीन

मी घरी शिवते, त्यामुळे कापडाचं बोलते. एम. टी. क्लॉथ मार्केटमधून घट्ट विणीचा केंब्रिक घ्या, मलमल सुंदर पण अस्तराशिवाय आरपार दिसते आणि अस्तर लावलं की मलमलीचा मतलबच गेला. रेयॉन घालायला गार, वाळायला आळशी. लिनन चुरगळतं, चुरगळू द्या. कुर्त्याला दोन्ही बाजूंना खिसे शिवून घ्या, पासपोर्ट जाईल एवढे खोल, आतून चेन. बाही मनगटापर्यंत पण कफ नको, बटण लावून दुमडता येईल अशी पट्टी. पलाझोला नाडा आणि इलॅस्टिक दोन्ही: इलॅस्टिक घामाने ढिलं पडतं, नाडा मशिदीत सुटत नाही. चुन्नी सुती असावी, सिंथेटिक डोक्यावरून घसरते आणि दर मिनिटाला ओढत बसावं लागतं.

नवी सभासद

सगळं वाचून काढलं. आई पंचाहत्तरीच्या, आयुष्यभर नऊवारी, दुसरं काही घालणार नाहीत. जूनमध्ये भावाकडे मस्कतला नेतोय. सुलतान काबूस मशीद बघायची त्यांची फार इच्छा आहे. नऊवारीत चालेल का?

सिलाई मशीन

आजींना नमस्कार. नऊवारीत पोटऱ्या मागून उघड्या राहतात, पोट-पाठही दिसते. तिथे घोटे, मनगट, केस सगळं झाकायचंय. नऊवारी सोडायला सांगू नका, वरून घालायला सांगा. समोरून पूर्ण उघडणारा, टाचेपर्यंत लांब सुती झगा शिवा, डोक्यावरून घालायचा नको, काष्टा चुरगळेल. घेर भरपूर धरा, नाहीतर काष्ट्यावर ताणला जातो. अडीच मीटरचं कापड पुरणार नाही, चार तरी घ्या. डोक्याला पदर पुरेसा नाही, सुती चुन्नी दोन पिनांनी लावा.

मुसलमान नसलेल्यांसाठी ती मशीद शनिवार ते गुरुवार सकाळी आठ ते अकराच उघडी असते, त्यामुळे आजींना सातला नाश्ता द्या. मापं पाठवा, मी कापून देते, शिवायचं तुम्ही बघा.

नवी सभासद

आई विचारतायत, झग्याला खणाचा काठ लावता येईल का?

सिलाई मशीन

लावू ना. बाहीला आणि खालच्या घेराला. गळ्याला नको, टोचेल.