सुन त्झूचा ‘शि’ : शक्ती, रेटा की मोका?

प्रश्न : प्राचीन चिनी सेनापती सुन त्झूच्या 13 प्रकरणी युद्धग्रंथात पाचव्या प्रकरणाचं नाव ‘शि’ आहे. 1910 साली लायनेल जाइल्सने इंग्रजीत त्याचं ‘एनर्जी’ केलं. मराठीत ‘शक्ती’ लिहून मोकळं होता येतं, पण वाचताना दाताखाली खडा येतो. या एका शब्दाला पाण्याचा लोंढा, ताणलेलं धनुष्य आणि डोंगरावरून सुटलेला धोंडा अशा तीन उपमा आहेत. काय लिहावं?

— ‘शक्ती’ नकोच. 1972 मध्ये चीनच्या शानतुंग प्रांतात यिनच्वेशानला हान राजवटीच्या काळातल्या थडग्यात या ग्रंथाच्या बांबूपट्ट्या सापडल्या. आज या अक्षराच्या पायाशी ‘बळ’ हे अंग असतं, ते पट्ट्यांवर नाही. उरलेल्या अक्षराचा जुना अर्थ रोप लावणं. बळ मागाहून चिकटलं! धोंड्याचंच बघा. सपाटीवर गप्प पडून असतो, उतारावर नेला की सुटतो. जोर डोंगराचा, नाव धोंड्याचं. चांगला सेनापती विजय ‘शि’त शोधतो, माणसांवर भार टाकत नाही, असं तिथेच म्हटलंय.

— ‘रेटा’ कसा वाटतो?

— लोंढ्याला शोभेल. धनुष्याचं काय? मूळ ओळ अशी : शि म्हणजे ताणलेलं धनुष्य, ‘चिए’ म्हणजे खटका ओढणं. हे खटक्याचं धनुष्य आहे. दोरी एकदा ओढून अडकवली की धरून ठेवायला दंडात ताकद लागत नाही, बोट हललं की बाण गेला. इथे ‘ताण’च हवा.

— मग ‘मोका’? मोक्याची जागा म्हणतो आणि मोका साधला असंही म्हणतो. जागा नि वेळ दोन्ही आले.

— जवळचा आहे. पण मोका चालून येतो, शि रचावा लागतो.

— आजच्या चिनीत हा शब्द रोजचा आहे. ‘छ्युशि’ म्हणजे कल, ‘यौशि’ म्हणजे वरचढपणा, ‘शौशि’ म्हणजे चक्क हातवारे! चौथ्या प्रकरणाचं नाव ‘शिंग’ म्हणजे आकार, पाचव्याचं ‘शि’; दोन्ही जोडून झालेला ‘शिंगशि’ म्हणजे परिस्थिती.

प्रश्नकर्ता : ठरलं. मथळ्यात ‘शि’ तसाच ठेवतो, धनुष्याला ‘ताण’, लोंढ्याला ‘रेटा’. आता धोंडा घरंगळतो लिहू की गडगडतो?

— गोटा घरंगळतो. एवढ्या उंचावरून आलेला धोंडा गडगडतच येणार.