मदत हवी आहे: नडग्यांची खाज, वय ६८, बजेट महिना ३०० रुपये

सोनचाफा:
नमस्कार मंडळी. मुक्काम सहकारनगर, पेन्शन बेताची. दिवाळी सरली, पुण्यात थंडी पडली की माझ्या नडग्या पार कोरड्या पडतात. नखाने रेघ ओढली तर पाटीवर उमटावी तशी पांढरी उमटते. दिवसा कामात कळत नाही. रात्री पांघरुणात शिरलं की खाज सुरू.

गेल्या वर्षी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून खाजेची ट्यूब आणली. दोन दिवसांत आराम पडला, म्हणून तीन महिने चोळत राहिले. आता तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीय, जरा कुठे आपटलं की जांभळा डाग. भाचीने ट्यूबवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली, तर स्टेरॉइड निघालं. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही, मीही काही विचारलं नाही.

मग भाचीनेच साडेनऊशेचं सीरम आणलं, थेंब थेंब लावायचं. एवढ्याशा बाटलीत एक नडगी तरी भागेल का? साबण सोडलाय, रोज डाळीचं पीठ लावते, तरी फरक नाही. आंघोळ सोसायटीच्या सोलरच्या पाण्याने, चांगली कढत. थंडीत तेवढंच सुख. तर तीनशेत काय जमेल?

खलबत्ता:
सोनचाफाताई, चोर घरातच आहेत: कढत पाणी आणि पीठ. पाळी गेल्यावर त्वचेतलं तेल आधीच कमी होत जातं, उरलंसुरलं ही जोडी धुऊन नेते. नरक चतुर्दशी आठवा. उटण्याआधी अंगात तेल जिरवतात की नाही? आपण उटणं तेवढं उचललं.

माझं वय ७१. पाणी कोमट, दहा मिनिटांत बाहेर. साबण काखा, जांघा, पावलं एवढ्यालाच. अंग टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही, आणि ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, खोबरेल किंवा बिनवासाची पेट्रोलियम जेली. जेली चिकट, पण पाणी जास्त धरून ठेवते. फक्त न्हाणीत उभ्याने लावू नका, पलंगावर बसून लावा. फरशीवर तेल सांडलं तर खाज राहील बाजूला, खुबा मोडायचा! टाचांना १० टक्के युरियाचं क्रीम चालतं. भेगा उघड्या असतील तर झोंबतं. सीरम भाचीलाच परत द्या.

गुलबक्षी:
ती ट्यूब पुन्हा परस्पर आणू नका. बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी नावं दिसली की ते स्टेरॉइड समजा, डॉक्टरांनी सांगितलं तर आणि तेवढेच दिवस. पातळ झालेली जागा एकदा दाखवूनच घ्या, ससूनच्या त्वचारोग ओपीडीत खर्चाची धास्ती नाही. शिवाय तेलपाणी करूनही खाज दोन-तीन आठवडे हटली नाही तर रक्त तपासून घ्या. साखर, थायरॉइड, मूत्रपिंडं यांच्यामुळेही अंग खाजतं. माझ्या जाऊबाईंची साखर अशीच सापडली.

सोनचाफा:
दोघींचे आभार. ससूनला सोमवारी जाते, भाची येतेय सोबत. आठ दिवस कोमट पाणी आणि खोबरेल चालू आहे, काल रात्री दोनदाच जाग आली. आता नवीन पंचाईत: गाऊनला आणि चादरीला तेलाचा वास धरलाय. तो कशाने जातो?