शुभवर्तमानं इतिहास म्हणून कितपत धरायची?

प्रश्नचिन्ह
मंडळी, मी काही अभ्यासक वगैरे नाही, नुसता उत्सुक वाचक. परवा बायबलातल्या येशूचरित्राच्या चार शुभवर्तमानांपैकी (मत्तय, मार्क, लूक, योहान) मत्तय आणि लूक शेजारी शेजारी उघडून येशूच्या जन्माचे अध्याय ओळीने वाचले आणि चक्रावलोच. मत्तयात पूर्वेकडचे मागी म्हणजे ज्योतिषी, तारा, यहूद्यांच्या राजा हेरोदाचा संताप, मग रातोरात इजिप्तला पळ. लूकमध्ये यातलं काहीच नाही, तिथे शिरगणती, गव्हाण, मेंढपाळ, आणि मंदिरातले विधी उरकून सरळ नाझरेथला परत. योसेफाच्या वडिलांचं नावसुद्धा एकीकडे याकोब, दुसरीकडे एली. मग यात इतिहास किती आणि श्रद्धेची गोष्ट किती? कृपया 'सगळं खरं' किंवा 'सगळ्या थापा' असली उत्तरं नकोत, ती दोन्ही मला ऐकून पाठ झालीयेत.

जुनी_पोथी
तुम्ही नेमकं दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. शिरगणतीचंच घ्या. लूक म्हणतो कुरेनिय सिरियाचा सुभेदार असताना ती झाली. आता ती शिरगणती खरंच झालेली आहे, पहिल्या शतकातल्या यहुदी इतिहासकार जोसेफसने लिहून ठेवलंय, पण ती इ.स. ६ मध्ये, रोमने हेरोदाच्या मुलाला, अर्खेलावला, पदावरून काढून यहूदीया प्रांत थेट ताब्यात घेतला तेव्हा. आणि हेरोद तर बहुतेकांच्या मते इ.स.पू. ४ मध्येच वारला. म्हणजे मत्तयाचा हेरोद आणि लूकची ही शिरगणती यात नऊ-दहा वर्षांची फट पडते. वर नाझरेथ गालीलात, तिथे तेव्हा हेरोदाचा दुसरा मुलगा अंतिपा राज्य करत होता, त्यामुळे तिथल्या माणसाला यहूदीयाच्या नोंदणीसाठी बेथलेहेमला जायची गरज काय हा प्रश्न राहतोच. ही फट बुजवायला लोकांनी आधीची एखादी शिरगणती, कुरेनियची आधीची कारकीर्द असं बरंच काही सुचवलंय, मला तरी ते ओढूनताणून वाटतं. लूकने तारखेत घोळ घातला, विषय संपला.

पण त्यावरून लूक अख्खा मोडीत काढायचा म्हटलं तर त्या न्यायाने प्राचीन काळातला एकही लेखक हाती उरणार नाही, जोसेफस तर मुळीच नाही.

सरळरेषा
चार साक्षीदार शब्दन् शब्द सारखंच बोलले तर उलट पढवलेत म्हणू ना? थोडाफार फरक आहे म्हणूनच मला ते खरे वाटतात.

रिकामटेकडा
@सरळरेषा, हा मुद्दा ऐकायला छान आहे पण ते चार वेगवेगळे साक्षीदार नाहीतच हो. मार्क सगळ्यात जुना, साधारण इ.स. ७० च्या आसपासचा, आणि त्याचा नव्वद टक्क्यांच्या आसपास मजकूर मत्तयात सापडतो, कित्येक ठिकाणी तर वाक्यं जशीच्या तशी. नावंही मूळ मजकुरात लेखकाने स्वतः कुठे सांगितलेली नाहीत, परंपरेने लागलीत. मत्तय लिहिताना मार्क समोर ठेवून दुरुस्त्या कशा करतो ते बघायचंय? मार्कच्या पाचव्या अध्यायात दोन हजार डुकरं कड्यावरून समुद्रात, म्हणजे गालीलच्या सरोवरात, उड्या घेतात, आणि हे घडतं गरसेकरांच्या प्रांतात. आता गरसा तिथून पन्नासेक किलोमीटर लांब. एवढं धावायचं म्हणजे डुकरांची कमालच म्हणायची! मत्तय गुपचूप ते गदरेकर करून टाकतो, कारण गदरा त्यामानाने बरंच जवळ. साक्षीदार असं करत नाही, संपादक करतो.

जुनी_पोथी
डुकरांचं मान्य, हसलो पण. तरी त्याच मार्कमधलं एक उलट उदाहरण देतो, मला स्वतःला हे फार आवडतं. क्रूस वाहायला सैनिक कुरेनेकर शिमोनाला वेठीला धरतात तिथे मार्क सहज म्हणून जातो की हा 'आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप'. हे दोघं कोण? आधी नाही, नंतर नाही, काहीही ओळख नाही. अशी नावं माणूस तेव्हाच टाकतो जेव्हा ऐकणाऱ्यांना ती पोरं ठाऊक असतात. मत्तय आणि लूक ही गोष्ट घेतात पण नावं गाळतात, त्यांच्या वाचकांना त्यांचं काय पडलंय! माझ्या मते इथे चाळीसेक वर्षांपूर्वीच्या खऱ्या आठवणीचा धागा हाताला लागतो.

बाप्तिस्म्याचंही तसंच. येशूने बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडून (शुभवर्तमानवाला योहान वेगळा) पापक्षमेचा बाप्तिस्मा घेतला ही गोष्ट त्याच्या अनुयायांना अडचणीचीच होती, मत्तयात योहान आधी नको नको म्हणतो ते उगाच नाही. जे सांगताना पंचाईत होते ते कुणी मुद्दाम कशाला रचेल? अर्थात ही कसोटी सरसकट लावता येत नाही, आपल्याला जे अडचणीचं वाटतं ते त्यांना वाटतच असेल असं नाही.

सरळरेषा
आणि प्रेषित पौल कुठे गेला? त्याची पत्रं पन्नाशीच्या दशकातली, मार्कच्याही आधीची. गलतीकरांना तो सांगतो की मी यरुशलेमला जाऊन केफाकडे (म्हणजे येशूचा शिष्य पेत्र) पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब भेटला. सख्ख्या भावाला भेटलेला माणूस हा! शिवाय कैसरियात १९६१ मध्ये येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताच्या नावाचा दगडही सापडलाय.

रिकामटेकडा
याकोबाचा मुद्दा दणदणीत आहे, तो मी खिशात घालतो. येशू झालाच नाही म्हणणाऱ्यांना याचं सरळ उत्तर देता येत नाही, जोसेफसही त्याच याकोबाचा उल्लेख करतो. पण पिलाताच्या दगडाने पिलात सिद्ध होतो, थडगं रिकामं होतं हे नाही. माणूस होता, योहानाकडून बाप्तिस्मा घेतला, पिलाताने क्रुसावर चढवला, इथपर्यंत नास्तिक इतिहासकारही येतात, रोमन इतिहासकार टॅसिटसही शिक्षेचं सांगतो. पाण्यावर चालणं वगैरे इतिहासाच्या हत्यारांनी ना सिद्ध होतं ना खोडता येतं.

सरळरेषा
'ना खोडता येतं' एवढं म्हणालात तरी पुष्कळ 🙂

प्रश्नचिन्ह
सगळ्यांचे आभार, निम्मा गुंता सुटला आणि नवीन दुप्पट झाला. एक राहिलं, माझ्या प्रतीत मार्कच्या शेवटच्या बारा ओवी कंसात का टाकल्यात?

जुनी_पोथी
कारण चौथ्या शतकातल्या दोन सगळ्यात जुन्या पूर्ण प्रतींमध्ये, सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस, त्या नाहीतच. तिथे मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीला थांबतो: बायका थडग्यातून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. बास, पुस्तक संपलं. पुढचं नंतर कुणीतरी जोडलं, बहुधा त्यालाही हा शेवट झेपला नसावा. आता क्रुसावरच्या दिवसाचे मार्क आणि योहान असेच शेजारी ठेवून वाचा. वल्हांडण या यहुदी सणाचं जेवण आधी झालंय का, आणि किती वाजलेत, तेवढंच बघत जा.

प्रश्नचिन्ह
वाचतोय. मार्कमध्ये तिसऱ्या तासाला (सकाळी नऊच्या सुमारास) क्रुसावर, योहानात सहाव्या तासाला (दुपारी बाराच्या सुमारास) अजून पिलातासमोरच?? थांबा, परत वाचून येतो.