१०८ ला फोन करतानाच ‘डिमेन्शिया’ सांगा
डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेले आजोबा अंगावर धावून आले म्हणून १०८ रुग्णवाहिकेच्या लोकांनी त्यांना बांधलं, ही घरच्यांची तक्रार रास्तच आहे. पण फोनवर फक्त ‘पेशंट मारतोय’ एवढंच कळलं, तर ते त्याच तयारीने येतात आणि ओरखडे-चावे त्यांनाच सोसावे लागतात. डिमेन्शिया आहे, ऐकू कमी येतं, हे आधीच सांगा. सायरन गल्लीच्या तोंडाशी बंद करायला लावा. आत एकानेच जावं, समोरून. मनगट धरलं की माणूस हिसडा देतोच.

वागण्यातला बदल एक-दोन दिवसांतलाच असेल तर ताप, साखर बघा. लघवी तुंबली असेल तर बेंबीखाली फुगवटा हाताला लागतो. आणि डिमेन्शियाचा लेवी बॉडी हा प्रकार असेल तर पेशंटला शांत करायला देतात ते हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. फाइलच्या पहिल्या पानावर हे लाल पेनाने लिहाच.