दिवस झाल्यावरचे फोन

सासरे गेले, बायको माहेरी, तुम्ही दुबईत आणि रजा नाही. फोनवर बोलायचं काय, हा प्रश्न आहे. पहिले तीन-चार दिवस घर भरलेलं असतं, तिला धड बोलता येत नाही. तेव्हा व्हिडिओ कॉल टाळा. एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवा, शेवटी ‘उत्तर नाही दिलंस तरी चालेल’ म्हणा. ‘रडू नकोस’, ‘आईला सांभाळ’ नको. त्याने तिचं रडणं अडतं. ‘जेवलीस का’ला ती ‘हो’च म्हणणार, त्यापेक्षा तिच्या वहिनीला फोन करून पिठलं-भाताचं ताट तिच्यापुढे ठेवायला सांगा.

कागदपत्रं तुम्ही उचला. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हावी. नावाचं स्पेलिंग आधार आणि पासबुकाशी आधीच जुळवून बघा, एका अक्षरावरून विमा-पेन्शन अडतं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्यायला सांगा.

खरी गरज तेराव्यानंतर, पाहुणे पांगल्यावर. रोज दुबईच्या रात्री साडेआठला, म्हणजे भारतातल्या दहाला, फोन ठरवून टाका. ती गप्प राहिली तरी ठेवू नका. बाबांचा चष्मा, चपला कुठे ठेवायच्या, असलं काही ती बोलेल. तोडगा सुचवू नका.