मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीने बेळगावात फौजदारी बचावाची वकिली करावी का?

प्रश्न – खानापूरची विद्यार्थिनी

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील असून माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झाले. यंदा बेळगावात एलएल.बी.चे शेवटचे वर्ष आहे. मी जमिनीचे दावे चालवावेत, अशी बाबांची इच्छा आहे. गुन्हेगारांच्या बाजूने उभे राहणे त्यांना पटत नाही. मला मात्र सेशन्स कोर्टातला एक प्रसंग विसरता येत नाही. पिंजऱ्यात एक वयस्क मराठी शेतकरी उभे होते आणि साक्ष कन्नडमधून चालली होती. तासभर ते साक्षीदाराच्या ओठांकडे पाहत राहिले, आणि त्यांना काय समजले हे कोणीही विचारले नाही. माझे कन्नड बाजारहाटापुरते बरे आहे, पण पोलिसांचे कागद वाचताना अडखळते. अशा स्थितीत या कामात माझा निभाव लागेल का? आणि पहिली काही वर्षे चरितार्थाचे काय?

उत्तर १ – एक ज्येष्ठ वकील, बेळगाव

ताई, ज्या प्रसंगाने तुम्ही अस्वस्थ झालात, त्यावर कायद्यात तरतूद आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम ३१४ प्रमाणे आरोपीला न समजणाऱ्या भाषेतली साक्ष त्याला समजणाऱ्या भाषेत भर कोर्टात सांगितली गेली पाहिजे. मात्र बचावाच्या वकिलाने उठून तशी मागणी केली नाही, तर साक्ष तशीच पुढे सरकते.

भाषेबद्दल माझे मत स्पष्ट आहे: कन्नड वाचायला शिकलेच पाहिजे, आणि तुमचे मराठी ही अडचण नसून तुमचे भांडवल आहे. आपल्याकडे साक्षीदार पोलिसांपुढे मराठीत बोलतो, जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो आणि कोर्टात त्याचे पुन्हा इंग्रजी होते. मारामारीच्या एका खटल्यात साक्षीदार ‘मामांनी हात धरला’ असे म्हणाला होता. जबाबात ‘माव’ असे आले. कन्नडमध्ये माव म्हणजे आईचा भाऊ आणि सासराही, त्यामुळे साक्षीदाराचे सासरे आरोपी झाले. दोषारोपपत्र मी तीन वेळा वाचले, तेव्हा कुठे तो शब्द खटकला. आपल्याकडे सासऱ्यांनाही मामा म्हणतात, म्हणून उलटतपासात ‘मामा की सासरे’ असे न विचारता ‘आईचे भाऊ की पत्नीचे वडील’ असे विचारले. उत्तर आले, ‘आईचे भाऊ.’ पुढे तपास अधिकाऱ्याला विचारून घेतले की साक्षीदार कोणत्या भाषेत बोलला, भाषांतर कोणी केले आणि जबाब त्याला मराठीत वाचून दाखवला होता का. वाचून दाखवलेला नव्हता. सासऱ्यांविरुद्धचा पुरावा तिथेच ढासळला. ज्याला दोन्ही भाषांचा कान नाही, त्याच्या हाताखालून असा शब्द सहज निसटतो.

तेव्हा ज्या सिनिअरकडे जाल, त्यांच्याकडे पहिले वर्षभर केवळ जबाब आणि पंचनामे मोठ्याने वाचत चला. हस्ताक्षर लागायला लागले की कन्नडची भीती राहत नाही.

बाबांना एवढे सांगा, की विशिष्ट आरोपींचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असे ठराव बार असोसिएशनने करणे बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच म्हटले आहे. आरोपीला वकील मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २२ मधला हक्क आहे, आणि तो निर्दोष माणसाला जितका हवा तितकाच दोषी माणसालाही हवा.

उत्तर २ – निपाणीची वकील

चरितार्थाबद्दल खरे तेच लिहिते. पहिली दोन-तीन वर्षे सिनिअरकडून जे मिळते त्यात प्रवास आणि जेवण भागते, फार तर थोडे अधिक. घरचा आधार लागतो आणि तो मागताना संकोच करू नये. अटकेतल्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, ही विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मधली तरतूद आहे. नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) २०२२ साली आणलेल्या बचाव वकील योजनेत साहाय्यक पदांसाठी नवोदितांचाही विचार होतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करून ठेवा. हिंडलग्याच्या कारागृहात कच्च्या कैद्यांशी त्यांच्या भाषेत बोलणारी वकील हवीच असते.

एक सवय आजपासून लावून घ्या. पहिल्या रिमांडची (आरोपीला कोठडीत पाठवण्याच्या पहिल्या आदेशाची) तारीख डायरीत लिहून तिथून दिवस मोजा. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक कैद, जन्मठेप वा मृत्युदंड असलेल्या गुन्ह्यात ९० दिवस, इतर गुन्ह्यांत ६० दिवस. त्या मुदतीत दोषारोपपत्र आले नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ खाली जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. मात्र दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी अर्ज दिला पाहिजे. माझ्या पहिल्या वर्षी आमचा असा अर्ज एका दुपारच्या उशिराने वाया गेला आणि एक तरुण आणखी चार महिने आत राहिला. त्याच्या आईचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेला नाही.

मुलगी म्हणून पोलीस ठाण्यात जाण्याविषयी बाबांना काळजी वाटणे स्वाभाविक आहे. सुरुवातीला सिनिअरसोबत जा. ठाण्यातली माणसे ओळखीची झाली की बोलण्याचा सूर बदलतो.

उत्तर ३ – चंदगडचा वाचक, वकील

एक भर घालतो. आपल्या भागात गुन्हा बेळगावात नोंदवला जातो आणि आरोपी महाराष्ट्रातल्या चंदगडात राहतो, असे नेहमी घडते. दुसऱ्या राज्यातल्या एफआयआरवरही आरोपी राहतो तिथले सेशन्स कोर्ट किंवा उच्च न्यायालय मर्यादित काळापुरते अटकपूर्व संरक्षण देऊ शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला. नंतरचा अर्ज मात्र बेळगावात किंवा धारवाडच्या खंडपीठापुढे करावा लागतो. आता कोल्हापुरातही मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आहे. दोन्हीकडचे कागद वाचू शकणाऱ्या वकिलाची गरज आम्हाला इथून दर आठवड्याला भासते.

खानापूरची विद्यार्थिनी

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. ‘माव’चा प्रसंग मी बाबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्या सासऱ्यांचे पुढे काय झाले, एवढेच विचारले. सर, ते सांगाल का?

ज्येष्ठ वकील, बेळगाव

निर्दोष सुटले. निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी तो त्यांना मराठीत समजावून सांगण्यास मला सांगितले, आणि मी तो पिंजऱ्याजवळ उभा राहून सांगितला.